अडीच पोती बटाटे आणि एक टप

नॉर्मन स्किप्सीने एकतीस वर्षं गावच्या प्राथमिक शाळेची दारं सांभाळली. हुद्दा केअरटेकरचा होता, म्हणजे बॉयलर, छपरावर अडकलेले चेंडू आणि कुणी पोर वर्गात ओकलं की त्यावर टाकायचा भुसा, सगळं त्याच्याच गळ्यात. पण विचारलं तर तो म्हणायचा, "माझ्याकडे दारं असतात. बाकीचं येता-जाता करतो." त्या शाळेत एकोणचाळीस दारं होती आणि त्यातलं एकही कुरकुरत नव्हतं. तपासणीला आलेले साहेब वर्गात कधी शिरले ते शिक्षकांना कळत नसे. त्याबद्दल शिक्षकांनी दोनदा लेखी तक्रारही केली होती. ती दोन्ही पत्रं नॉर्मनने जपून ठेवली होती.

असा माणूस साठीच्या आतच निवृत्त झाला आणि गाडी बांधायला बसला.

गाडीचं नाव डॅबचिक. डॅबचिक म्हणजे टिबुकली, तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा तो चिमुकला पक्षी. ही गाडी अठरा खोक्यांतून घरी येते आणि आपली आपण जोडायची असते. दोन सीटची, लांब नाकाची, फायबरच्या अंगाची. इंजिन ज्याचं त्याने भंगारातून शोधायचं. श्रॉपशरमधले दोन भाऊ एका शेडमध्ये या गाड्या करत असत. नॉर्मनची खोकी आली त्याच्या पुढच्याच वर्षी त्या भावांचं फाटलं आणि शेडला कुलूप लागलं. त्यामुळे काही अडलं तर विचारायला कुणी उरलं नाही. उरलं ते एक माहितीपुस्तक. त्यात ब्रेकच्या नळ्यांवर अकरा पानं होती, मागच्या दिव्यावर पाच होती, आणि शेवटच्या पानावर एकच ओळ होती: "आता दारं आणि टप बसवा. थोडंफार जुळवून घ्यावं लागेल."

त्या ओळीपर्यंत पोचायला नॉर्मनला सात वर्षं लागली.

"दारं म्हणजे काय, शनिवार-रविवारचं काम," तो एप्रिलच्या सुरुवातीला चहा पिताना बायकोला म्हणाला. "टपाला अजून एक दिवस धर."

बेरिल टोस्टला मुरंबा लावत होती. त्यांच्या लग्नाला आठ मेला चाळीस वर्षं होणार होती आणि त्या दिवशी डॅबचिकमधून फायलीला, समुद्रावर, जेवायला न्यायचं नॉर्मनने कबूल केलं होतं. तसं त्याने लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसालाही कबूल केलं होतं. त्या वेळी गाडीला चाकं नव्हती.

"मी काय म्हटलंय ते लक्षात आहे ना?" बेरिल म्हणाली.

"दारं आणि छप्पर असल्याशिवाय तू बसणार नाहीस."

"दर शुक्रवारी मी दोन तास ड्रायरखाली बसून केस सेट करून घेते. ते समुद्रावरच्या वाऱ्याला अर्पण करायला नाही."

"दारं असतील. छप्पर असेल."

"आणि ती दारं बंद होतील."

नॉर्मनच्या हातातला कप खाली आला. चाळीस वर्षांत तिने त्याला बरंच काही ऐकवलं होतं, पण एखादं दार बंद होईल का, ही शंका कधी बोलून दाखवली नव्हती.

"बेरिल," तो म्हणाला, "दारांचं माझ्यावर सोड."

सोमवारी सकाळी त्याने डाव्या बाजूचं दार बिजागऱ्यांवर चढवलं. सुरेख बसलं. बोटाने ढकललं तर खट् आवाज करून मिटलं. नॉर्मनने ते आठ-दहा वेळा उघडमीट केलं, म्हणजे जेवढं उघडत होतं तेवढं. गॅरेज अरुंद होतं, दार भिंतीला लागेपर्यंत वीतभरच उघडायचं. मग त्याने शेजारच्या ट्रेव्हरला हाक मारली.

ट्रेव्हर आउथवेट जन्मभर कॅराव्हॅन विकत आला होता आणि आता त्याला दुसरा उद्योग नव्हता. गेली सात वर्षं तो रोज आपला मग आणि आपलं स्टूल घेऊन गॅरेजात येई. काम म्हणून त्याने कधी कशाला हात लावला नव्हता, पण मत मात्र प्रत्येक बोल्टाबद्दल दिलं होतं.

"बसून बघ आत," ट्रेव्हर म्हणाला.

नॉर्मन नेहमीप्रमाणे बाजूवरून टांग टाकून आत उतरला आणि डाव्या सीटवर बसला. ट्रेव्हरने दार ढकललं. ते मिटेना. वरचा कोपरा चौकटीवर चढत होता. नॉर्मन बाहेर आला, दार मिटलं. आत बसला, मिटेना. बाहेर, मिटलं.

"चमत्कारिकच," ट्रेव्हर म्हणाला. "तू नसलास की अगदी गुणी दार आहे."

नॉर्मन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग त्याच्या लक्षात आलं. शाळेच्या भिंती कुणी आत बसलं म्हणून वाकत नसत. ही गाडी वाकत होती. फायबरचं अंग, खाली बारीक सांगाडा. माणूस बसला की मधोमध केसभर खाली जायची आणि तेवढ्यात दाराची चौकट तोंड वाकडं करायची.

"म्हणजे आत माणसं असताना दारं बसवायला हवीत," तो म्हणाला.

"मी बसणार नाही," ट्रेव्हर लगेच म्हणाला. "माझी पाठ."

"तुला कोण सांगतंय? वजन ठेवायचं. माझं सव्वातीन पोती होतं."

ही पोत्यांची भाषा आमच्याकडे सगळ्यांना कळते. चहूकडे बटाट्याची शेतं, छप्पन्न पौंडाचं एकेक पोतं, त्यामुळे नॉर्मनने पलीकडच्या शेतावरून सहा पोती मागवली यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्याने आपल्या सीटवर सव्वातीन पोती रचली, पट्टा आवळला आणि डाव्या सीटकडे पाहत उभा राहिला.

"आता बेरिल किती?" ट्रेव्हरने विचारलं.

"ते कसं कळणार?"

"विचार तिला."

"सदुसष्ट साली विचारलं होतं," नॉर्मन म्हणाला. "एकदा पुरे."

दोघांनी विचार केला. ट्रेव्हरचं म्हणणं तीन पोती पडलं. जन्मभर कॅराव्हॅनमध्ये बायकांना चढता-उतरताना पाहिलंय, नजर बसलीय, असं तो म्हणाला. नॉर्मनने संसाराचा विचार करून अडीच ठरवली. पोती रचल्यावर ट्रेव्हरला चेव चढला. खुंटीवर बेरिलची बागकामाची हॅट होती, ती त्याने वरच्या पोत्यावर ठेवली. मागे सरून बघितली, मग जरा तिरकी केली.

नेमकी त्याच वेळी बेरिल बिस्किटं घेऊन आली. ती सहसा गॅरेजात पाऊल टाकत नसे, बशी उंबऱ्यावर ठेवून जायची. आज ती उभी राहिली.

"हे कोण?"

ट्रेव्हर आपल्या मगात बघू लागला.

"ते आपलं," नॉर्मन म्हणाला, "दाराच्या सोयीसाठी."

"हे कोण आहे, असं विचारलं मी."

"तू."

बेरिलने हॅट पाहिली. मग खालची अडीच पोती पाहिली, सावकाश, वरून खाली. "असं," ती म्हणाली, आणि बिस्किटांची बशी परत घेऊन गेली.

त्यानंतर दोन आठवडे जे झालं त्याने नॉर्मन हवालदिल झाला. उजवं दार शहाण्यासारखं वागलं. एका दुपारी बसलं ते बसलं. डावं मात्र दर सकाळी वेगळं निघे. संध्याकाळी त्याने ते केसाइतकं अचूक जुळवावं, बिजागरीखाली एक वॉशर घालावी, आणि सकाळी येऊन पाहावं तर पुन्हा फट. मग आणखी एक वॉशर. दुसऱ्या दिवशी पुन्हा फट. फट नेहमी एकाच बाजूला वाढत होती, जणू गाडी रोज थोडी थोडी उठून बसत होती.

"फायबर थंडीत आकसतं," ट्रेव्हर म्हणाला.

नॉर्मनने रॉकेलची शेगडी आणून ठेवली. फट वाढली.

"मग उष्णतेने फुगत असेल."

नॉर्मनने शेगडी काढली. फट वाढली.

"चंद्राचा काही संबंध?" ट्रेव्हर म्हणाला, आणि हे तो थट्टेने म्हणत नव्हता.

नॉर्मनची भूक गेली. झोपेत तो बिजागऱ्यांशी बोलू लागला. एकोणचाळीस दारं बोटावर खेळवणारा माणूस, त्याला एका हातभर दाराने नाकी नऊ आणले होते. एका बुधवारी तो जेवायला बसला आणि पुढ्यातल्या कुस्करलेल्या बटाट्यांच्या डोंगरात नुसता काटा फिरवत राहिला. काल चिप्स होत्या. परवा बटाट्याचं सूप. परवाच रात्री मटणाच्या खिम्यावर बटाट्याचा जाड थर. रविवारी भाजलेले, शनिवारी उकडलेले.

काटा थांबला.

"बेरिल, हे बटाटे कुठले?"

"गॅरेजातले."

"कुठल्या पोत्यातले?"

"डाव्या सीटवरचे," बेरिल म्हणाली. "तुझ्यातले कशाला घेऊ? माझे मी घेतले."

"किती घेतलेस?"

"रोजच्याला लागतील तेवढे. शिवाय बुधवारी चर्चमध्ये म्हाताऱ्यांचं जेवण असतं, तिकडे दोनदा बादलीभर दिले. आज सकाळी बघितलं तर मी दीडावर आलेय." तिने रश्शाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "मला बरं वाटलं."

नॉर्मनने काटा खाली ठेवला. दोन आठवडे, चौदा वॉशर, आणि बायको रोज मूठमूठ बारीक होत होती. रागवायला त्याने तोंड उघडलं, पण बाहेर जे पडलं ते हसू होतं, आणि घासाबरोबर अडकल्यामुळे ते खोकल्यासारखं पडलं. बेरिलने उठून त्याच्या पाठीत दोन धपके घातले. गरजेपेक्षा जरा जोरातच घातले.

"वजन हवं असेल तर माणसाला विचारावं," ती म्हणाली. "बटाट्याला नाही."

"सांगितलं असतंस?"

"नाही. पण बसले असते."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. अंगात कोट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, हातात विणकाम. दार वीतभरच उघडत असल्यामुळे तिला स्टुलावर चढवून, एका बाजूने नॉर्मन आणि दुसऱ्या बाजूने ट्रेव्हर असं धरून, वरून आत सोडावं लागलं. उतरताना तिने दोघांनाही तंबी दिली की या क्षणी कुणी काही आकडा उच्चारला तर विणायची सुई कुठे जाईल ते तिला सांगता येणार नाही. दोन दुपारी ती तिथे बसून स्वेटरची बाही विणत राहिली आणि नॉर्मनने तिच्यावर दार जुळवलं. चौदा वॉशरपैकी अकरा परत निघाल्या. शुक्रवारी दार मिटलं. खट् आवाज आला. गाडी रिकामी असताना ते आता नीट मिटत नव्हतं, पण रिकाम्या गाडीचं दार मिटून करायचंय काय, असं नॉर्मन म्हणाला आणि ते खरंच होतं.

टपाचं खोकं उघडलं तेव्हा आठ मेला नऊ दिवस उरले होते.

सात वर्षं घडी घालून ठेवलेलं ते काळं रेक्झिन पत्र्यासारखं कडक झालं होतं. दोन लोखंडी कमानी उभ्या करायच्या, त्यावर ते ताणायचं, पुढे काचेच्या चौकटीला अडकवायचं आणि मागे-बाजूला तेवीस टिचबटणं लावायची. नॉर्मन आणि ट्रेव्हरने पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. सहा बटणं लागली. सातवं लावलं तेव्हा पहिलं निघालं. पहिलं लावलं तर तिसरं आणि चौथं निघून ट्रेव्हरच्या चष्म्यावर टप आपटला. मागच्या टोकाला चार बोटं कापड कमीच पडत होतं.

"छोटा पाठवलाय," ट्रेव्हर म्हणाला. "परत पाठव."

"कुणाला? ते भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्याशी कशाला बोलतील?"

नॉर्मनने टप घरात नेऊन आंघोळीच्या गरम पाण्यात बुडवून पाहिला. बेरिलच्या इलेक्ट्रिक ब्लँकेटखाली घालून पाहिला, तेव्हा ती दुपारची वामकुक्षी करायला गेली आणि अंथरुणात काहीतरी काळं गरम लागल्यावर तिने जो आवाज काढला तो ट्रेव्हरने आपल्या बागेत ऐकला. टप तीन बोटं कमी पडायला लागला. मग दोघांनी मिळून जोर लावला आणि एक कमान वाकली, ती सरळ करण्यात एक संध्याकाळ गेली.

या सगळ्या वेळात बेरिल विणकाम घेऊन गॅरेजच्या कोपऱ्यात बसत होती. दार झाल्यापासून तिला तिथे बसायची सवय लागली होती. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सुया खाली ठेवल्या.

"तुम्ही दोघं त्याला टोकापासून धरताय."

"मग कुठून धरणार?" ट्रेव्हर म्हणाला. "टोकालाच सुरुवात असते."

"ट्रेव्हर, मी एकोणीस वर्षं काय काम केलं?"

ट्रेव्हरचे कान लाल झाले. बेरिल हल शहरातल्या एका मोठ्या दुकानात कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांची कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या विभागात होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि पुरुष त्याचा उच्चार करत नसत. बायकांची मापं घ्यायची, आणि देहाला जे मान्य नाही त्यात देह बसवून, बटणं लावून, त्यांना हसतमुखाने घरी पाठवायचं, हे तिचं काम होतं. त्या एकोणीस वर्षांत एकही गिऱ्हाईक तिने बटण उघडं ठेवून पाठवलं नव्हतं.

"मग आधी का नाही बोललीस?" नॉर्मनने विचारलं.

"सात वर्षांपूर्वी तूच म्हणालास, हे तुला समजायचं नाही."

नॉर्मनला तसं म्हटल्याचं आठवत होतं. त्याने आपल्या हातातली पक्कड बाजूला ठेवली. "बरं," तो म्हणाला, "काय करू सांग."

"तू आत बस. रिकाम्या अंगावर माप घेत नाहीत. ट्रेव्हर, दोन किटल्या चढव."

नॉर्मन टांग टाकून आत उतरला. बेरिलने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि किटलीची वाफ रेक्झिनवर हळूहळू फिरवली, पाठीवरून हात फिरवावा तशी. कापड ढिलं पडू लागलं. तिने मागच्या बाजूचा बरोबर मध्य बोटांनी मोजून शोधला आणि पहिलं टिचबटण तिथे लावलं.

"मधून बाहेर," ती म्हणाली. "एक डावीकडे, एक उजवीकडे. ओढायचं नाही, समजूत काढायची. नॉर्मन, कमान आतून वर धर. अजून. आता श्वास सोड."

"मी?"

"तू नाही, ती. पण तूही सोड."

नॉर्मनने श्वास सोडला. टक. टक. बटणं लागत गेली. अठराव्याला कापड अडलं तेव्हा बेरिलने गाडीच्या पाठीवर गुडघा रोवला, ट्रेव्हरला किटली जवळ धरायला लावली आणि दुकानातल्या कुणातरी जुन्या मिसेस हॅगार्थला उद्देशून हलक्या आवाजात म्हणाली, "झालंच हं बाई, पोट जरा आत." टक. एकोणीस. नॉर्मनला आतून फक्त तिचे हात दिसत होते, आणि तेही एकेक करून दिसेनासे झाले. तेविसावं बटण लागलं तेव्हा गाडीत काळोख होता आणि टप ढोलासारखा ताणला होता. ट्रेव्हरने त्यावर बोटं वाजवून पाहिली.

बाहेर दोघं हात पुसत उभे राहिले. बेरिलचा चेहरा लाल झाला होता आणि केसांची एक बट सुटून गालावर आली होती. "चहा टाकते," ती म्हणाली.

"मीही येतो," आतून आवाज आला.

बेरिल आणि ट्रेव्हरने आधी टपाकडे पाहिलं, मग दाराकडे.

सात वर्षांत त्या गाडीत जो कुणी शिरला तो वरून शिरला होता आणि वरूनच बाहेर पडला होता. आता वर छप्पर होतं. दारं होती, पण ती गॅरेजमध्ये वीतभर उघडत होती. आणि वीतभर फटीतून सव्वातीन पोत्यांचा माणूस निघत नाही.

"टप काढायचा का?" ट्रेव्हर म्हणाला.

"हात लावून बघ," बेरिल म्हणाली.

शेवटी गाडीच बाहेर ढकलायचं ठरलं. ट्रेव्हरने पाठीचं कारण सांगितलं, बेरिलने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याची पाठ बरी झाली. डॅबचिक सात वर्षांनी पहिल्यांदा उजेडात आली, ती नॉर्मनला पोटात घेऊन. रस्त्यावर दोन-चार जण थांबले. नॉर्मनने प्लॅस्टिकच्या खिडकीतून हात हलवला. मग दार पूर्ण उघडलं, आणि आणखी एक गोष्ट कळली. दाराची उंची, टपाची कड आणि स्टिअरिंग यांच्यामधून माणूस कसा काढायचा, याबद्दल माहितीपुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

"पाय आधी," ट्रेव्हर म्हणाला.

पाय बाहेर आले. बाकीचा नॉर्मन आडवा अडकला.

"पाय आत घे, डोकं आधी," बेरिल म्हणाली.

डोकं आणि एक हात बाहेर आला. गुडघा स्टिअरिंगखाली गेला आणि हॉर्न वाजू लागला. तो वाजतच राहिला.

त्या आवाजाने रस्त्यापलीकडून मिस थर्कल आल्या. मिस थर्कल शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी, हातात काठी. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा गवताजवळ आलेल्या नॉर्मनच्या चेहऱ्याकडे.

"मिस्टर स्किप्सी."

"नमस्कार, मिस थर्कल."

"बाहेर या."

"होय, मिस थर्कल," नॉर्मन म्हणाला आणि बाहेर आला. कसा आला ते त्याला स्वतःला कधीच सांगता आलं नाही. पुढचा मिनिटभर तो गवतावर हात मागे बांधून ताठ उभा होता. मिस थर्कलनी डावं दार उघडून मागे-पुढे फिरवून पाहिलं, कुरकुर येते का ते कान देऊन ऐकलं. "छान," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या. नॉर्मनचे डोळे पाणावले होते असं ट्रेव्हर सांगतो. नॉर्मन म्हणतो, किटलीची वाफ.

पुढचा आठवडा सराव करण्यात गेला. बेरिलने एक पद्धत बसवली: पाठ आधी, मग उजवा पाय, मग श्वास सोडायचा, मग डावा. बाहेर पडताना हेच उलटं. रोज न्याहारीनंतर दोघं अंगणात पाच-पाच वेळा आत-बाहेर करत. ट्रेव्हर आपलं स्टूल कुंपणापाशी आणून बसायचा. शनिवारपर्यंत बेरिल अकरा मोजेपर्यंत बाहेर यायला लागली. नॉर्मनला वीसपर्यंत वेळ लागे.

आठ मेला शनिवार होता. बेरिलने आदल्या दिवशी केस सेट करून घेतले होते आणि निळा सूट घातला होता. साडेदहाला दोघं निघाले. गाडी टपासकट चांगली पळाली, म्हणजे एका ट्रॅक्टरला त्यांनी मागे टाकलं. फायली दोन मैलांवर राहिलं असताना पाऊस आला. आमच्याकडच्या मे महिन्याचा, आडवा, समुद्राकडून थेट तोंडावर येणारा. टपावर त्याचा असा ताशा वाजू लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. नॉर्मनचं लक्ष रस्त्यावर कमी आणि छताच्या शिवणींवर जास्त होतं. एकही थेंब आत आला नाही. फायलीला गाडी थांबली तेव्हा जेवायला जिथे जायचं ते हॉटेल समोर होतं, पण गाडीतून हॉटेलात जायचं म्हणजे पाय, श्वास, पाय, पाठ, तेही या पावसात आणि हॉटेलच्या काचेतून बघणाऱ्या लोकांसमोर.

"मी इथून हलत नाही," बेरिल म्हणाली. "तू जा, चिप्स आण. बटाटे नकोत म्हणाले असते, पण मासा नुसता बरा लागत नाही."

नॉर्मन वीस मोजत बाहेर पडला आणि ओलाचिंब होऊन वीस मोजत आत आला. दोघांनी मांडीवर कागद पसरून मासे आणि चिप्स खाल्ले. व्हिनेगरच्या वाफेने काचा धुरकट झाल्या, समुद्र दिसेना, हॉटेल दिसेना. चाळीस वर्षांचं लग्न त्या दोघांनी एका काळ्या डबीत बसून साजरं केलं. बेरिलने मध्येच डोक्याला हात लावून पाहिला. केस जिथल्या तिथे होते.

"दार छान बसलंय," ती म्हणाली.

"टप छान बसलाय," नॉर्मन म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी खिडकीवर टिचकी मारली. रेनकोटातला एक जाडजूड माणूस वाकून आत बघायचा प्रयत्न करत होता. नॉर्मनने खिडकीची चेन उघडली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "मी मॉल्टनचा. माझ्याकडेही डॅबचिक आहे. नऊ वर्षं टप माळ्यावर पडलाय, बसवायला आलेले दोन जण रडून निघून गेले. हा कुणी बसवला?"

नॉर्मनच्या ओठावर काय आलं होतं ते त्यालाच ठाऊक. सात वर्षं गाडी बांधणाऱ्या माणसाच्या ओठावर जे येईल तेच आलं असणार. त्याने ते चिपबरोबर गिळलं.

"हिने," तो म्हणाला. "हिलाच विचारा. मला त्यातलं समजत नाही."

मॉल्टनच्या माणसाने पावसात उभं राहून टोपी काढली. बेरिलने त्याला दहा-बारा प्रश्न विचारले: कमानी सरळ आहेत का, रेक्झिन कुठल्या घडीवर दुमडलंय, घरात मोठी किटली आहे का, त्याचं स्वतःचं वजन किती. त्याने बिनदिक्कत सांगितलं. पुढच्या रविवारी यायचं ठरलं.

त्या रविवारी बेरिल मॉल्टनला बसने गेली. हत्यारांची पेटी घेऊन डॅबचिकच्या दारातून आत शिरायला तिला जमलं असतं, पण मग पेटीसकट बाहेर काढायला कुणी लागलं असतं. नॉर्मन गाडी घेऊन मागून निघाला. वाटेत एका गवताच्या ट्रॉलीमागे अडकला. तो पोचला तेव्हा मॉल्टनच्या टपाची शेवटची बटणं लागली होती, घरमालक आतून "मी आता बाहेर कसा येऊ?" असं विचारत होता, आणि बेरिल अंगणात खुर्चीवर बसून त्याच्या बायकोबरोबर काकडीची सँडविचेस खात होती. नॉर्मनसाठी एकच उरलं होतं, तेही कडेचं.